पाहुण्यांची वेळ

तलावाच्या फाटकावर पाटी:
मुलांना अकरा ते एक.
पाहुण्यांनी मनगटाला पट्टी बांधावी.
उड्या मारू नयेत.

ॲरिझोनाचं ऊन. फरशी तापून तवा.
नातवाला पट्टी बांधताना
व्हर्नाची बोटं दोनदा चुकली,
थोडे सांधे, थोडं वर्षभराचं अंतर.

पाण्यात चौघीजणी, टोप्या-चष्म्यांसकट,
गळ्यापर्यंत बुडून
कालच्या पत्त्यांच्या डावावर बोलतायत.
कडेकडेनं ऑर्विल चालतोय, जातो, येतो,
नव्या गुडघ्याला चाल शिकवतोय.

धप्प!

पोरानं उडी मारलीच.
एकीची टोपी तरंगत शिडीपाशी गेली.
सगळ्यांनी पाहिलं ऑर्विलकडे;
तक्रारवही त्याच्याच ताब्यात असते.

तो थांबला. तोंडावरचं पाणीसुद्धा पुसलं नाही.
"गुडघे पोटाशी घे," म्हणाला,
"म्हणजे जास्त उडतं."

मग एक वाजला.
पोरं टॉवेलात गुंडाळून बाहेर,
ओली पावलं फाटकापर्यंत,
पुढचं उमटेतो मागचं वाळलेलं.

पाणी मात्र हलत राहिलं बराच वेळ.
तोवर कुणी
पत्त्यांचा विषय काढला नाही.