शेवटची ओळ

तुर्कूत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
मी लोकांचा खरेपणा लिहून देतो,
तासाच्या दराने.
साहेब मंडळी बोलतात, मी त्यांच्या वतीने हळवा होतो.
तिसऱ्या ओळीत वडिलांचं आजारपण,
मग नापास झाल्याची गोष्ट,
आणि शेवटी धडा.
धड्याशिवाय दुःख
कामाच्या माणसांत खपत नाही.

तूलिक्की सालोरांता आली ती जहाजगोदीतून,
बुटांना गंजाची धूळ.
वेल्डिंगचे सांधे तपासते.
पोलादात ध्वनी सोडायचा
आणि परत येताना तो कुठे अडखळतो ते बघायचं.
वरून गुळगुळीत, आत तडा.
अठ्ठावीस वर्षं हेच.

म्हणाली, माझा डावा कान गेलाय.
चार वर्षं बैठकांत ओठ बघून मान डोलावते.
एकदा अशीच डोलावली.
नंतर कळलं,
माझ्याच गटातली दोन माणसं कमी करायला
मी होकार दिला होता.

माझा हात थांबला.
मग धंदा आठवला.
म्हटलं, त्या दोघांकडे कानाडोळा करू,
कान तेवढा ठेवू.
फोटो खिडकीपाशी, किंचित हसरा.
आणि शेवटची ओळ:
'माझ्या उणिवेने मला ऐकायला शिकवलं.'

ती माझे ओठ बघत होती.
"पुन्हा म्हणा."
पुन्हा म्हटलं.
दुसऱ्या खेपेला माझं मलाच ते
पत्र्यावर नख वाजवल्यासारखं ऐकू आलं.
"नाही शिकवलं," ती म्हणाली.
"ऐकू येईनासं झालं. एवढंच."

मग तिने उजव्या कानाला फोन लावला.
मिर्वा, तुझं नाव घालू का?
पलीकडे इतका वेळ काही नाही
की तिने फोन कानापासून काढून
चालू आहे ना ते पाहिलं.
माझं घाल, मिर्वा म्हणाली.
काउकोचं नको.
नोकरी गेल्याचं त्याने
अजून शेजाऱ्यांनाही सांगितलेलं नाही.

माझ्या लॅपटॉपवर दोन बोटांनी
तिने सहा ओळी लिहिल्या.
त्यात कान होता, होकार होता, मिर्वा होती,
'आणि आणखी एक जण'.
फोटोत राईच्या पावाचे तुकडे,
त्यांच्याशेजारी श्रवणयंत्र,
थोडं हललेलं.

एकतीस अंगठे.
माझ्या साहेबांना दोन-दोन हजार पडतात.
कुणी लिहिलं, धाडसी!
कुणी विचारलं, पण यातून शिकायचं काय?
तिसऱ्या दिवशी, रात्री सव्वादोनला,
ज्याच्या पानावर फोटोही नाही
अशा माणसाची ओळ आली:
तो आणखी एक म्हणजे मी. काउको.

तूलिक्कीने कळवलंय, बिल पाठवा.
रक्कम घालून ठेवली आहे.
कामाचा तपशील या रकान्यासमोर
आठवडाभर
कर्सर उघडमीट करतोय.