पाणी विसरेपर्यंत

खडकवासल्याला, धरणाच्या अलीकडे,
पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये आमचा समुद्र आहे.
रुंदी चार मीटर. ब्लीचिंग पावडरचा वास.
खरा समुद्र इथून ताम्हिणी उतरून अख्खी सकाळ.

जहाज साडेतीन मीटरचं, प्रमाण एकास छत्तीस.
पांचाळांनी शिवणीच्या लाकडात कोरलं,
घासलं, रंगवलं, पुन्हा घासलं,
आणि मग नाळेपाशी, दोन्ही गालांवर,
वाळूच्या कणांची बोटभर पट्टी चिकटवली.
नवा मुलगा विचारतो, एवढं गुळगुळीत करून वर वाळू?

मी सांगते, जहाज लहान केलं,
लाटा लहान केल्या, काळसुद्धा सहापट आखडला,
पाणी तेवढं लहान होत नाही.
ते होतं तितकंच चिकट राहतं,
एवढ्याशा जहाजाला सायीसारखं बिलगतं, थरावर थर.
मोठ्या जहाजाला समुद्र असा बिलगत नाही.
म्हणून वाळू. पाण्याने नाळेपाशीच बिथरावं.

गाडी रुळांवरून जाते, दीड मिनिट.
तिकडची नऊ.
रोध : नऊ पूर्णांक चार न्यूटन.

मग थांबायचं. वीस मिनिटं.
गेलेल्या जहाजाची आठवण पाण्यात असते,
डोळ्यांना दिसत नाही, आकड्यात उतरते.
पांचाळ चिमूटभर भुसा टाकतात
आणि चष्मा कपाळावर चढवून बघत बसतात.

तेवढ्यात अक्काचा फोन.
आईला आता कुणी न्यायचं, तेच.
तू नेहमी असंच म्हणतेस, ती म्हणाली.
मी कट केला. बारावं मिनिट होतं.
चला, घ्या.
बाई, भुसा अजून चालतोय.
घ्या म्हटलं ना.

आठ पूर्णांक सात.
पाणी अजून मघाच्याच दिशेने सरकत होतं,
जहाजाला मागून हात देत होतं.
चांगला दिसणारा आकडा. मी लाल पेनाने खोडला.
पांचाळ काही बोलले नाहीत,
त्यांनी नवी चिमूट टाकली.

सहा वाजून गेले. शेडमधले दोन दिवे बंद.
फोन उलटा ठेवलाय, तरी टेबल थरथरतं.
पांचाळांनी उरलेला डबा उघडला,
शेवग्याच्या शेंगांची आमटी.
एक शेंग माझ्या झाकणात ठेवली.
अठरावं मिनिट.
भुशाचा एक कण
अगदी हळू, बाकीच्यांना सोडून,
भिंतीकडे निघाला होता.