करवतीचे दात

डिसेंबरात औलूला दुपारी अडीचलाच दिवेलागण होते.
दिवेलागणीनंतर केर काढू नये, असं आपल्याकडे म्हणतात;
इथे ते पाळायचं ठरवलं
तर मार्चपर्यंत झाडू हातात घेता येणार नाही.

सिर्क्का मात्र रात्रीच केर काढते.
शहराला ऊब पुरवणाऱ्या केंद्रात, दुसऱ्या मजल्यावर,
बूट हीटरपाशी वाळत टाकून, लोकरी मोज्यांवर,
एका चालत्या प्रोग्रामची मेमरी बघत बसते.

बाहेर उणे सत्तावीस.
जमिनीखालून गरम पाणी धावतंय घरोघर,
आणि दर दहा सेकंदांनी प्रोग्राम प्रत्येक मीटरला विचारतो:
किती अंश? किती दाब? बरं आहे ना?
उत्तर येतं, बेरजेत जातं,
मग कुणाच्याच कामाचं उरत नाही.
"बहुतेक सगळे तरुणपणीच मरतात," ती म्हणते,
इतक्या सहज, की नवीन आलेला ओस्मो
तोंडापाशी नेलेला कप खाली ठेवतो.

पडद्यावर रेघ चढते, चढते, धाडकन पडते.
पुन्हा चढते. करवतीचे दात.
पडली म्हणजे सफाई झाली:
ज्याचं नाव आत कुणीच घेत नाही
ते उचललं, जागा मोकळी.
न्याय एवढाच. किती जुनं, किती कामाचं, कोण बघतं?
कुणाचा तरी एक धागा पोचला पाहिजे, बस.

पण तीन आठवडे झाले,
दातांच्या मुळाशी काहीतरी साचतंय.
प्रत्येक दात आधीच्याहून केसभर वर सुरू होतो.
मोठी सफाई लावावी, तर ती चालू असेपर्यंत सगळंच थांबतं,
चार सेकंद, कधी सहा;
आणि सहाव्या सेकंदाला एखाद्या झडपेला वाटतं
वर कुणी उरलंच नाही,
आणि ती आपली आपण मिटते.
ओस्मो म्हणाला, मेमरी वाढवून टाकू.
ती म्हणाली, मोठं घर घेतल्यावर
कुणाचा पसारा कमी झालेला पाहिलायस?

पहाटे पावणेचारला, शहर आंघोळीला उठायच्या आत,
तिने मेमरीचा पुरा ठसा काढला.
एक लाख एक्याऐंशी हजार प्रश्न.
उत्तरं नाहीत, नुसते प्रश्न,
सफाईमागून सफाई चुकवत
म्हाताऱ्यांच्या कोठीत येऊन बसलेले,
आणि प्रत्येकाच्या पाठीवर
त्या क्षणाचं अख्खं शहर.
धागा धरून मागे मागे गेली.
सगळे एकाच मीटरला विचारलेले. तीन हजार एकशे सतरा:
नदीपलीकडची प्राथमिक शाळा.
तीन आठवड्यांपूर्वी पाडली.

तिथेच, एकोणीस वर्षांपूर्वीच्या ओळीवर, वेइकोची टीप:
उत्तर आलं नाही तर प्रश्न जपून ठेवा. उशिरा येईल.

सातला तिने त्याला फोन लावला.
तो निवृत्त होऊन कुह्मोला असतो, बर्फात भोक पाडून मासे धरतो.
शाळेचं नाव ऐकून आधी काहीच बोलला नाही.
तिकडे कुत्रा भुंकत होता.
मग म्हणाला, "अजून विचारतोय तो?
मी त्या शाळेत रोज घंटा झाल्यावरच पोचायचो."

तिने ओळ पुसली नाही.
फक्त मर्यादा घातली: शेवटचे शंभर ठेव, बाकी सोड.
शंभरच का, ते ओस्मोने विचारलं,
तेव्हा ती बूट चढवत होती.

सफाई साडेचार सेकंदांत उरकली. एकही झडप मिटली नाही.
रेघ पडली ती पार तळाला,
आणि पुढचा दात तिथूनच निघाला.
मीटर रद्द करायचा कागद सोमवारी सहीला जाईल.
तोवर, दर दहा सेकंदांनी,
बर्फाखालच्या विटांना:
किती अंश? किती दाब?