हातचा

रात्री अकरानंतर क्रुआ-रूसच्या टेकडीवर
एकही सायकल उरत नाही.
सकाळी जो तो इथून बसतो आणि पाय न हलवता
थेट नदीकाठी जाऊन टेकतो.
पहिला अर्धा तास फुकट, उतार तर त्याहून फुकट.
परतताना मात्र अख्ख्या लियों शहराला
मेट्रोची आठवण येते.

मी नूरदीन, ट्रकवाला.
खालच्या चौकातल्या गच्च खांबांतून
बावीस सायकली उपसतो, चढवतो, पट्टे आवळतो,
वर नेऊन मोकळ्या सोडतो.
उद्या त्या पुन्हा खाली.
बायको म्हणते, बादलीनं नदी डोंगरावर नेतोस.
मी म्हणतो, बादलीचा पगार मिळतो ना?

सीट उलटी फिरवलेल्या बाजूला काढतो.
ही इथली रीत. कुठं लिहिलेली नाही, कुणी शिकवत नाही.
सायकल बिघडली तर उतरताना सीट मागं फिरवायची,
म्हणजे पुढचा फसत नाही.
अनोळखी माणसाचा अनोळखी माणसाला निरोप,
आणि त्याला दमडी पडत नाही.
हे वाक्य मी परवा बोलायला हवं होतं.

परवा महापालिकेनं आम्हालाही बोलावलं.
ऑदील पेरारबाई, दोरीला अडकवलेला चष्मा,
त्यांनी पडद्यावर एक सायकल
कांद्यासारखी सोलून दाखवली.
चाकं एवढ्याची, कुलूप एवढ्याचं,
सोन नदीच्या गाळातून पाणबुड्यांनी काढलेल्यांचा खर्च निराळा.
आणि शेवटी एक पट्टी, लाल, सगळ्यांत लांब:
पुनर्वितरण.
म्हणजे मी.
माझं डिझेल, माझी रात्र, माझी कंबर.

मागून कुणीतरी म्हणालं, एवढ्या पैशांत
प्रत्येकाला सायकल विकतच घेऊन द्या.
सभागृह हसलं. हिशेब कदाचित बरोबरही असेल.
पाचव्या मजल्यावर लिफ्टविना राहणाऱ्यानं
ती ठेवायची कुठं, एवढंच मला विचारायचं होतं.
तोवर पुढचा विषय निघाला: कारंज्यांची दुरुस्ती.

पहाटे चार वीसला ऐसातू उभी असते,
हात बगलेत खुपसून, माझ्या ट्रकची वाट बघत.
रोनपलीकडच्या इस्पितळात धुलाईखात्यात आहे.
मेट्रो सुरू व्हायच्या आत तिला चादरींचे गठ्ठे मोजायचे असतात.
अंगठ्यानं टायर दाबते.
"ब्रेक?"
"घट्ट."
एवढंच आमचं बोलणं, तीन वर्षांचं.
जानेवारीत एकदा माझा ट्रक बर्फात अडकला.
ती चालत गेली, पोचेपर्यंत पाऊण तास उशीर,
अर्ध्या दिवसाचा पगार कापला.
ते पैसे कुठल्या पट्टीत धरायचे
हे पेरारबाईंना विचारायचं राहून गेलं.

घरी तस्नीम बेरजा करते, ओठ हलवत.
आठ नि पाच तेरा, तीन खाली, हातचा एक.
तो एक वर बारीक लिहिते, पेन्सिलीनं,
उत्तर आलं की खोडून टाकते.
"राहू दे की," म्हटलं.
"उत्तरात तो दिसायचा नसतो, बाबा."

आता नवी टूम काढलीय.
जो सायकल स्वतः वर आणेल त्याला पंधरा मिनिटं बक्षीस.
माझी लाल पट्टी आखूड करायचा बेत.
काल रात्री चढावर एक पोरगा भेटला,
पेडलवर उभा, नागमोडी, शर्ट पाठीला चिकटलेला.
पंधरा मिनिटं कमावत होता माझ्या पोटावर.
मी हॉर्न वाजवला नाही.
दिवे खाली केले, पहिल्या गिअरमध्ये
त्याच्या मागं मागं चढत राहिलो,
पाठीवर बावीस जणी खुळखुळत.

वर पोचल्यावर त्यानं सायकल खांबात अडकवली,
दम खात वाकून उभा राहिला,
मग सरळ होऊन
सीट मागं फिरवली.
साखळी सटकत होती म्हणे, खालपासूनच.