राहून राहिलो

सदरला, झेरॉक्सच्या दुकानामागे,
जिथला कूलर मे महिन्यात
पाण्यापेक्षा आवाजच जास्त फेकतो,
तिथं मी बसतो. फॉर्म भरून देतो.
‘किती दिवस राहणार’ या रकान्यात
आजवर हजारेक आकडे लिहिले असतील मी,
एकही माझा नाही.

आज गोळीबार चौकातून हेडाऊकाकू आल्यात.
पिशवीत पासबुक, सुनेच्या सोनोग्राफीचा कागद,
आइंडहोवनहून मुलानं धाडलेलं पत्र
आणि डिंकाचा एक लाडू, डब्यात,
‘हा तिकडं नेऊ देतीन का, पाहून सांगा.’
मग खुर्ची पुढं ओढून:
‘बाळंतपण आहे, भाऊ. पाच महिने लिहा.’

पाच नाही लिहिता येत, काकू.
एकशे ऐंशीत नव्वद.
‘म्हणजे तीन महिने.’
तीन महिने नाही. नव्वद दिवस.
जुलैला एकतीस असतात, ऑगस्टलाही.
उतरल्याचा दिवस धरायचा,
निघाल्याचा दिवसही धरायचा.

काकू बोटांची पेरं मोजतात.
ही बोटं पाटलांचे काठ विणून गुळगुळीत झालेली,
आधारच्या यंत्रानं तीनदा परत पाठवलेली.
‘दिवस भरायच्या आधी आठ दिवस तरी जावंच लागते.
मंग बाळ काय तारीख पाहून येते?
सव्वा महिना तर बाजेवरच जाते.
मान धरायले तीन महिने लागते लेकराले.
त्यानं मान नाही धरली
अन् मी काऊन उठून येऊ?’

या प्रश्नाला रकाना नाही.
मी पेनाचं टोपण लावतो, काढतो.

‘तुम्ही गेले होते कधी?’

गेलो होतो. एकदाच. लिस्बनला, मावसभावाकडे.
नव्वदाव्या दिवशी, रात्री दहालाच
बॅग घेऊन विमानतळावर पोचलो.
विमान होतं एक दहाचं.
माझ्यासाठी ती अकरा तारखेचीच रात्र होती,
अजून जेवणही पचलं नव्हतं.
शिक्का मारणाऱ्या पोरानं घड्याळ पाहिलं,
मग मला पाहिलं, मग बारा तारीख उमटवली.
पुढच्या खेपेला मिळणार होती ती नोकरी
त्या सत्तर मिनिटांत बसली आहे अजून.

हे मी काकूंना सांगत नाही.
‘हो, गेलो होतो,’ एवढंच म्हणतो.

आमच्या नागपुरात
क्रियापदाला एकट्यानं फिरायची सवय नाही.
जेवून राहिलो, येऊन राहिलो,
कूलरमध्ये पाणी भरून राहिलो.
पुण्याची माणसं हसतात. हसू द्या.
प्रत्येक कामात थोडं राहून घेतो आम्ही
आणि कुणी विचारत नाही,
कितव्या दिवसापर्यंत.

काकूंचा फोन वाजतो. मुलगा असावा.
‘हो रे, भरून राहिले भाऊ. तू जेवला का?’
तिकडं सकाळ आहे, हे त्यांना ठाऊक आहे,
तरी विचारतात.

मी लिहितो: नव्वद.
जरा थांबून खोडतो. अठ्ठ्याऐंशी.
काकू वाकून पाहतात, ओठ घट्ट मिटतात.
दोन दिवस कुणी खाल्ले, ते विचारत नाहीत.
लाडवाचा डबा माझ्याकडे सरकवतात.
‘राहू द्या. दुसरे करीन.’

दारापर्यंत गेल्यावर मी हाक मारतो:
काकू, परतीचं तिकीट
दुपारचंच काढायला सांगा.