तालमीचे शब्द

गुरुवारी, मेंढ्या आत घेतल्यावर,
टॉर्मॉद मॅकइव्हरच्या मागाच्या शेडमध्ये
आम्ही अकरा पोरं बाकांवर दाटीनं.
माग बंद असे,
लोकरीचा ओला तेलकट वास मात्र चालूच.

लुइस बेटावरचं आमचं देऊळ: ऑर्गन नाही, पेटी नाही,
शास्त्रातल्या शब्दाखेरीज दुसरा शब्द नाही.
एकानं ओळ द्यायची,
मंडळीनं ती उचलायची,
ज्यानं त्यानं आपापल्या वळणानं,
कुणी आधी, कुणी मागून,
खडकावर पाणी चढतं तसं.

पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं:
इथे फक्त चाल.
स्तोत्र तालमीत घोळवलं की उष्टं होतं.

मग गायचं काय?
त्यानं खिशातून मीठ लागलेला कागद काढला.
हेरिंगचा भाव पडला, बटाट्याला कीड लागली,
केटली बुडातून गळते,
एफ्रिकच्या बोक्यानं साय खाल्ली.
त्या शब्दांवर आम्ही
त्या उंच, थंड, थोरल्या चाली शिकलो.
हसलं की तो पट्टी उचलायचा,
मारायचा नाही.

मी विचारलं, स्वर कुठे सोडायचा?
श्वास संपेल तिथे?
नाही. अर्थ पुरा होईल तिथे.
केटलीला कसला आलाय अर्थ?
म्हणूनच सांगतो, घरी जाऊन वाच.

घरी वडील रोज रात्री वाचायचे,
सपाट आवाजात, चालीशिवाय,
पीटचा धूर डोळ्यांत जात असताना.
आठवडाभर शब्द एका घरी, सूर दुसऱ्या.
रविवारी दोघं दारात भेटले
आणि मी तोंड उघडायचंच विसरले.
इतके दिवस ही चाल
कुणाची वाट पाहत होती
ते मला तेव्हा कळलं.

मुलींनी ओळ द्यायची नसते.
त्यानं मलाही द्यायला शिकवली होती,
का, ते कधी बोलला नाही.

काल मंगळवार. स्टॉर्नोवेचा वृद्धाश्रम.
पोटच्या मुलीला ओळखत नाही आता,
पण खिडकीकडे तोंड करून गात होता,
केटली गळते, केटली गळते,
प्रत्येक वळण जागच्या जागी.
नर्स हसली.
मला ते सहन होईना.
मी पुढे सरकले आणि ओळ दिली,
खरी, शास्त्रातली,
बुडणाऱ्याची हाक आहे ना, ती.

तो थांबला.
हात उचलला, पट्टी असल्यासारखा.
आज गुरुवार आहे, म्हणाला.
उष्टं करू नकोस.

मग मी हेरिंगचा भाव दिला.
त्यानं उचलला.
शेवटचं वळण जरा जास्तच लांबवलं,
आणि अर्थ पुरा झाला तिथे सोडलं.
नर्सनं गोळ्यांचा ट्रे
आवाज न करता खाली ठेवला.