पाणी उपाशी ठेव

घणसोली, तिसरा मजला, रात्रीचे अकरा.
बाह्या दुमडून मी काचेच्या समुद्रात
कोपरापर्यंत हात घालतो.
ऋजुताचा जुना टूथब्रश,
तोंडाने ओढून चालू केलेली नळी
(दर वेळी एक घोट खारं पोटात जातंच),
खाली निळी बादली.

ब्रायोप्सिस.
नाव जिभेवर बसायला दोन महिने लागले,
त्याला खडकावर बसायला नऊ दिवस.
आधी नुसतं एक हिरवं पीस होतं.
मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू,
फोटो काढून मेहुण्याला पाठवलाही.
मग पिसं प्रवाळांच्या गळ्याशी आली
आणि एक एक तोंड मिटत गेलं,
दुकानांची शटरं पडावीत तसं.

ओरबाडलं.
तुटलेला प्रत्येक धागा पंपाने उचलला
आणि पलीकडच्या खडकावर नेऊन पेरला.
वाशीच्या बिजूने पाच गोगलगायी दिल्या.
त्यांनी काचा चाटल्या, या पिसांना तोंड लावलं नाही.
एक उताणी पडली, मला कळायच्या आत मेली
आणि त्याचंच खत झाली.
मग तीन दिवस दिवे बंद,
टाकीवर सोलापुरी चादर.
बायको म्हणाली, घरात कुणी गेल्यासारखं वाटतंय.
चौथ्या दिवशी चादर काढली.
मासे दचकले. शेवाळ ताजंतवानं.

फॉस्फेटचं किट आणलं.
नळीतलं पाणी पांढऱ्या कागदापुढे धरलं,
मला ते पांढरंच दिसलं.
ऋजुता म्हणाली, बाबा, निळं आहे,
चांगलंच निळं आहे.

त्या रविवारी बामाआत्या आली.
ऐंशी पार, गुडघे गेलेले, नजर शाबूत.
कोपऱ्यातली मिठाची बादली पाहिली,
लाल समुद्राकाठची, सीलबंद.
किंमत विचारली. मी निम्मी सांगितली.
तरीही ती हसली,
पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत.
आमच्या खिडकीतून खारफुटीमागे
जे बुजलेले चौकोन दिसतात
तिथे तिच्या बापाचं, माझ्या आजाचं, आगर होतं.
तिथलं मीठ डोक्यावरून वाहून
तिच्या टाळूवर अजून एक गुळगुळीत जागा आहे.

टाकीपुढे ती बराच वेळ बसली.
"शेवाल हाय र ह्या. आगरान पन यायचा.
ओरबाडून नाय जात.
पानी उपाशी ठेव."

पाणी उपाशी.
मी तर दिवसातून तीनदा चिमटी सोडत होतो.
माशांना तेवढी भूक नव्हती,
मलाच होती, त्यांना खाताना बघायची.

दिवसाआड एक चिमटी केली.
नळाचं पाणी बंद, गाळणीतून थेंब थेंब गाळलेलं घेतलं.
क्लाउनफिश काचेशी येऊन
माझ्या रिकाम्या हाताकडे बघायचे.
मी हात खिशात घालायचो.

पाचव्या आठवड्यात पिसं फिकी पडली,
सातव्यात चिमट्याला मुळासकट येऊ लागली.
पंपामागे एक झुपका आहे अजून,
तिथे माझी बोटं पोचत नाहीत.

उपसलेलं पाणी गटारात नाही ओतत.
गटार खाडीला जातं,
आणि खाडीला हा पाहुणा नको.
गच्चीवर पत्र्याच्या परातींत पसरतो,
सेक्रेटरी दोनदा विचारून गेला, हे काय म्हणून.
मेच्या उन्हात आधी शेवाळ वाळतं,
कागदासारखं कडांना चिकटतं,
मग मधोमध पांढरं काहीतरी धरू लागतं.

आत्याला लिफ्टने वर नेलं, शेवटचे बारा जिने हाताला धरून.
तिने परातीतली चिमूट उचलली,
बोटांत चोळली, उन्हाकडे धरली.
मी वाट बघत उभा.

"कच्चा हाय," म्हणाली,
आणि बोटं लुगड्याला पुसली.